घटक ६ : सणांचे उतारे आणि कृतियुक्त वाचन-आकलन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• वाचन-आकलनाचे तीन स्तर सोदाहरण सांगता येतील.
• सणाविषयीच्या उताऱ्यांचे गुण आणि त्यांतील धोके स्पष्ट करता येतील.
• उतारा न वाचता ज्याचे उत्तर देता येते, असा प्रश्न ओळखून तो बदलता येईल.
• इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांसाठी उताऱ्यावर आधारित कृती व खेळ तयार करता येतील.
• वर्गातील सर्व मुलांना सामावून घेणारा सणाचा उतारा निवडता येईल किंवा लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रकट वाचन आणि मूकवाचन यांचा विचार केला. अक्षरे ओळखून शब्द उच्चारणे ही वाचनाची पहिली पायरी होय. वाचलेल्या मजकुराचा अर्थ मनात उभा राहिला, म्हणजेच वाचन पूर्ण झाले असे म्हणता येते. इयत्ता तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवून ५ जुलै २०२१ रोजी देशात ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. मुलांना वाचता येते. पण वाचलेले समजतेच असे नाही, ही शिक्षकांची जुनी चिंता या उद्दिष्टाच्या मुळाशी आहे.

तुमच्यापैकी काही जण शाळेत शिकवत असतील, काही जण शिकवणी घेत असतील, काही जण घरी आपल्या मुला-नातवंडांचा अभ्यास घेत असतील. पोळा, दिवाळी, संक्रांत असे सण जवळ आले, की सणावरचा एक उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न, असा सराव आपण सर्वांनी पाहिला आहे. मुले उत्साहाने उत्तरे देतात, उत्तरे बरोबरही येतात. पण ती उत्तरे उताऱ्यातून आली, की घरच्या अनुभवातून? या घटकाचे सर्व विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ वाचन-आकलनाचे स्तर

अध्यापनाच्या सोयीसाठी आकलनाचे तीन स्तर मानले जातात.

(अ) शब्दशः आकलन : उताऱ्यात जे स्पष्ट सांगितले आहे, ते शोधून सांगणे. कोण, कोठे, केव्हा, किती असे प्रश्न या स्तरावर येतात.

(आ) अनुमानात्मक आकलन : दोन वाक्यांचा संबंध जोडून न सांगितलेली गोष्ट ओळखणे. साहित्यशास्त्राच्या अभ्यासात तुम्ही वाच्यार्थ आणि सूचितार्थ यांतील भेद पाहिला आहे. आठ वर्षांचे मूल जेव्हा ‘तो गप्प बसला’ हे वाक्य वाचून ‘त्याला राग आला असेल’ असे म्हणते, तेव्हा ते सूचितार्थाच्या दिशेने पहिले पाऊल टाकते.

(इ) मूल्यात्मक आकलन : वाचलेल्या गोष्टीविषयी स्वतःचे मत बनवणे आणि त्याला उताऱ्यातील आधार देणे.

आपल्याकडील बहुतेक सराव पहिल्या स्तरावरच थांबतो. शिवाय प्रश्न विचारणे म्हणजेच आकलन शिकवणे, असा एक समज रूढ आहे. प्रश्नाने आकलन तपासले जाते. ते कसे साधायचे, हे मुलाला वेगळे दाखवावे लागते. ‘हे तुला कोणत्या वाक्यावरून कळले?’ एवढे विचारले, तरी तपासणीचे रूपांतर शिकवण्यात होऊ लागते.

६.३.२ सण हा विषय : सोय आणि अडचण

ओळखीच्या विषयावरचा मजकूर अधिक चांगला समजतो, हे प्रयोगांनीही दाखवले आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ मध्ये ६४ विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि वाचलेला प्रसंग मैदानाच्या लहान प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले ही वाचनात पक्की, पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. पूर्वज्ञानाचे बळ एवढे मोठे असते. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी विटीदांडू घ्या किंवा पोळा घ्या. तर्क तोच राहतो.

सणाच्या उताऱ्याची सोय यातच आहे. शब्द ओळखीचे असतात, चित्र डोळ्यांपुढे असते, मनात आनंद असतो. परंतु अडचणही येथूनच निर्माण होते.

पहिली अडचण अशी, की मूल उतारा वाचतच नाही. ‘संक्रांतीला आपण एकमेकांना काय देतो?’ या प्रश्नाचे उत्तर उतारा न उघडताही ‘तिळगूळ’ असे येते. उताऱ्यात मुद्दाम वेगळे काही लिहिले असले, तरी सवयीचे उत्तर आधी बाहेर पडते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. ‘दिवाळीला तुमच्या घरी काय काय आणले?’ असा प्रश्न वर्गात विचारला, की वाचनाचा तास प्रत्येकाच्या घरची परिस्थिती उघड करणारा तास होतो. ज्याच्या घरी यंदा नवे कपडे आले नाहीत, ते मूल गप्प बसते किंवा खोटे सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले संक्रांतीच्या वेळी अनेकदा आईवडिलांबरोबर फडावर असतात. ज्याच्या घरी तो सण पाळलाच जात नाही, त्या मुलाला तर उत्तर नसतेच. अशा वेळी गुण वाचनाला मिळत नाहीत. ते घरच्या सुस्थितीला मिळतात.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. उत्तर उताऱ्यात असले पाहिजे, आणि ते उताऱ्यातूनच मिळाले पाहिजे. उतारा ही वर्गातील सर्व मुलांची समान मालमत्ता होय. तेथे शोध घेताना कोणाचे घर मोठे, कोणाचे लहान, हा प्रश्न उरत नाही.

आपला प्रश्न योग्य आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. उतारा झाकून ठेवा आणि तो न वाचलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारा. तिला अचूक उत्तर देता आले, तर तो प्रश्न सामान्यज्ञानाचा आहे असे समजा. या घटकात आपण या कसोटीस ‘झाकणी’ म्हणू.

६.३.३ नमुना उतारा

विदर्भात, विशेषतः नागपूरच्या परिसरात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात. घरोघरी त्यांना खाऊ किंवा पैसे मिळतात, त्याला बोजारा म्हणतात. या सणावर इयत्ता तिसरी-चौथीसाठी तयार केलेला पुढील उतारा वाचा. वाक्यांना मुद्दाम क्रमांक दिले आहेत. त्यांचा उपयोग पुढे दिसेल.

राधाचा बैल

(१) आज तान्हा पोळा होता. (२) राधाच्या लाकडी बैलाचे मागचे एक चाक रात्री निखळले होते. (३) आजोबांनी त्या जागी रंगाच्या डबीचे झाकण बसवले; पण झाकणाला भोक नेमके मधोमध पडले नाही. (४) राधाने बैलाच्या डाव्या शिंगाला लाल आणि उजव्या शिंगाला पिवळा गोंडा बांधला. (५) मैदानात सगळ्यांचे बैल रांगेत उभे राहिले. (६) राधा रांगेच्या अगदी टोकाला गेली. (७) परीक्षक बाई आल्या, तेव्हा तिने बैल हातात उचलून धरला. (८) “चालवून दाखव ना,” बाई म्हणाल्या. (९) राधाने आजोबांकडे पाहिले, आजोबा हसले. (१०) तिने दोरी ओढली. (११) बैल एकदा वर झाला, एकदा खाली झाला आणि पुढे निघाला. (१२) “अगं, बाकीचे बैल नुसते चालतात,” बाई म्हणाल्या, “तुझा तर डुलत डुलत चालतो!”

या उताऱ्याची रचना पाहा. सण ओळखीचा आहे. पण निखळलेले चाक, डबीचे झाकण, दोन रंगांचे गोंडे हे तपशील कोणाच्याही घरच्या अनुभवातून सांगता येणार नाहीत. राधाला संकोच वाटतो, हे कोठेही लिहिलेले नाही. ते सहाव्या आणि सातव्या वाक्यांतून ओळखावे लागते. बैल का डुलतो, हे समजण्यासाठी अकरावे वाक्य तिसऱ्या वाक्याशी जोडावे लागते. सणाचा उतारा स्वतः लिहिताना एवढे पथ्य पाळा : अंगवळणी न पडलेले दोन-तीन तपशील आणि शब्दांत न सांगितलेली एक भावना.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

‘राधाचा बैल’ या उताऱ्यावरील पुढील प्रश्न कोणत्या स्तरावरचे आहेत, ते लिहा. एक प्रश्न झाकणीच्या कसोटीला उतरत नाही, तो ओळखा.
(अ) बैलाच्या उजव्या शिंगाला कोणत्या रंगाचा गोंडा होता?
(आ) राधा रांगेच्या टोकाला का गेली असेल?
(इ) पोळ्याला बैलांना काय खाऊ घालतात?
(ई) बाईंचे शेवटचे बोलणे तुम्हांला योग्य वाटते का? कशावरून?

६.३.४ उताऱ्याकडे परत नेणाऱ्या कृती

सराव आनंददायी करायचा म्हणून अनेकदा उतारा वाचून झाल्यावर चित्र रंगवणे, तोरण करणे, गाणे म्हणणे अशा कृती जोडल्या जातात. मुलांना त्या आवडतात. पण त्या करताना पुस्तक मिटलेले असते. कृती वाचनाच्या कामी यायची असेल, तर ती करताना मुलाला पुन्हा पुन्हा उताऱ्यात डोकावावे लागले पाहिजे. पुढील चार कृती या दृष्टीने योजल्या आहेत.

कृती १ : गोंडे बांधा. प्रत्येक गटाला मातीचा किंवा पुठ्ठ्याचा बैल आणि लाल-पिवळी लोकर द्या. चौथे वाक्य वाचून गोंडे बांधायचे आहेत. बैलासमोर बसलेले मूल बहुधा स्वतःची डावी बाजू धरते आणि गोंडे उलट बांधते. दुसऱ्या गटाने उतारा वाचून ते तपासायचे. ‘बैलाच्या डाव्या’ या दोन शब्दांवर जो वाद होतो, तो वाचनाचाच सराव असतो. शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये. “वाक्य वाचून दाखव,” एवढेच म्हणावे.

कृती २ : वाचा आणि चालवा. एक मूल एकेक वाक्य वाचेल, दुसरे मूल त्याप्रमाणे खेळण्यातला बैल हलवेल. आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांनी शेतावरची गोष्ट वाचताना ठरावीक वाक्यांप्रमाणे खेळणी हलवली. नुसते वाचणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना मजकूर अधिक लक्षात राहिला आणि समजलाही. कारण उघड आहे. हात हलवण्यापूर्वी वाक्याचा अर्थ ठरवावा लागतो. अकराव्या वाक्यावर बैल सरळ ओढला, तर बाकीची मुले लगेच थांबवतात. खेळणी पुरेशी नसतील, तर खडूची पेटी किंवा खोडरबरही बैल होऊ शकतो.

कृती ३ : वाक्याची साक्ष. शिक्षक एक विधान करतील. मुलांनी त्याला आधार देणाऱ्या वाक्याचा क्रमांक पाटीवर लिहून पाटी वर धरायची. ‘राधाला आपला बैल बाईंना दाखवायला संकोच वाटत होता’ या विधानाला काही मुले ६ लिहितील, काही ७, तर काही ९. तिन्ही उत्तरांवर चर्चा होऊ शकते. सर्वांनी एकाच वेळी पाटी वर धरल्याने नेहमी हात वर करणाऱ्या तीन-चार मुलांपुरता तास मर्यादित राहत नाही.

कृती ४ : सांगितले, सुचवले, की सांगितलेच नाही? जमिनीवर खडूने तीन चौकोन आखा. शिक्षक प्रश्न विचारतील आणि मुले योग्य चौकोनात जाऊन उभी राहतील. ‘चाक कोणी दुरुस्त केले?’ हे सांगितलेले आहे. ‘बाईंना बैल आवडला का?’ हे सुचवलेले आहे. ‘राधाला बक्षीस मिळाले का?’ हे उताऱ्यात सांगितलेलेच नाही. पुष्कळ मुले ‘मिळाले’ असे म्हणतात, कारण गोष्टीचा शेवट गोड व्हावा अशी त्यांची इच्छा असते. आपली इच्छा आणि लेखकाचे शब्द यांत अंतर असते, हे मुलाला येथे उमगते. पुढे वर्तमानपत्र, जाहिरात किंवा एखादा करारनामा वाचताना हीच जाणीव त्याच्या उपयोगी पडणार आहे.

६.३.५ लोकपरंपरेतील आकलनाचा खेळ : खिरापत ओळखा

आश्विनातील नवरात्रात खेळल्या जाणाऱ्या भोंडल्यात गाणी संपल्यावर झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. गोड की तिखट, तळलेली की भाजलेली, असे विचारत उत्तरापर्यंत पोहोचायचे असते. अनुमानाचा इतका नेमका सराव आपल्या परंपरेत तयार असताना तो वर्गात आणायलाच हवा. बोललेल्या उत्तरांऐवजी चिठ्ठ्या वाचायला द्या आणि त्या एकामागून एक उघडा.

चिठ्ठी १ : आईने कढई तापत ठेवली, पण तेलाचा डबा जागचा हलला नाही.
चिठ्ठी २ : आजीने ते सुपात घेऊन हाताने चोळले आणि फुंकर मारली. लाल साले अंगणभर उडाली.
चिठ्ठी ३ : गूळ किसायला मी बसले. निम्मा तोंडातच गेला, म्हणून आजीने आणखी एक खडा दिला.
चिठ्ठी ४ : डब्यात वीस मावले. शाळेत पोहोचेपर्यंत एकही फुटला नाही.

पहिल्या चिठ्ठीवरून तळलेले पदार्थ बाद होतात. दुसरीवरून शेंगदाणे कळतात, तिसरीवरून गोडी कळते. तरीही शेंगदाण्याची वडी की शेंगदाण्याचा लाडू, हा प्रश्न उरतो. चौथ्या चिठ्ठीतील ‘फुटला’ हे क्रियापद तो सोडवते. वडी असती, तर ‘एकही फुटली नाही’ असे म्हटले असते. लिंग आणि क्रियापदाचे रूप यांचा संबंध व्याकरणाच्या तासाला पाठ करणारे मूल येथे त्याच नियमाने खिरापत ओळखते.

या खेळाचा नियम एकच : उत्तर सांगणाऱ्याने ज्या शब्दावरून ते सुचले, तो शब्द वाचून दाखवायचा. आधार न देता अचूक सांगितलेल्या उत्तरापेक्षा आधार देऊन चुकलेल्या उत्तराला अधिक मान द्या.

दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात असाच उपक्रम किल्ल्याच्या निमित्ताने करता येतो. ‘महादरवाजा पूर्वेला आहे; टाके बालेकिल्ल्याच्या उत्तरेस पायथ्याशी आहे’ अशा आठ-दहा वाक्यांचे वर्णन वाचून एक गट परातीत ओल्या मातीचा किल्ला करील, दुसरा गट वर्णन हातात घेऊन तो तपासील.

६.३.६ सर्वांचे सण

महाराष्ट्रात एकच सणही सर्वत्र सारखा नसतो. बैलांचा सण बहुतेक भागांत श्रावण अमावास्येला पोळा म्हणून होतो, तर कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत आषाढात बेंदूर साजरा होतो. वसईच्या मुलाला नाताळ घरचा असतो, अनेक घरांत ईदचा शीरखुर्मा असतो, तर अनेक वस्त्यांत १४ एप्रिल हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस असतो. वर्षभराच्या उताऱ्यांची यादी करताना आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचा एक तरी सण तीत आला आहे ना, हे पाहा.

अपरिचित सणाचा उतारा देताना आधी पाच मिनिटे सर्वांसाठी समान भूमिका तयार करा. वस्तू दाखवा, दोन-तीन नवे शब्द सांगा. रेक्ट-लेस्ली यांच्या प्रयोगातील धडा येथे उपयोगी पडतो : ज्याला पूर्वज्ञान नाही, त्याला ते वाचनाआधी मिळाले पाहिजे. उताऱ्यातील घटना मात्र आधी सांगू नका. नाहीतर वाचण्याचे कारणच उरणार नाही. तसेच ‘आपला सण’ आणि ‘त्यांचा सण’ अशी भाषा टाळा. ‘राधाचा सण’, ‘सलीमचा सण’ असे पात्राच्या नावाने बोलले, की सर्व मुले उताऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात.

६.३.७ तासिकेचे नियोजन

३५ मिनिटांच्या तासिकेची विभागणी साधारणपणे अशी करता येईल :

वस्तू व नवे शब्द – ५ मिनिटे
मूकवाचन, त्यानंतर जोडीने प्रकट वाचन – १० मिनिटे
एक कृती – १२ मिनिटे
‘कोणत्या वाक्यावरून?’ ही चर्चा आणि एका वाक्यात लेखन – ८ मिनिटे

एका तासिकेत एकच कृती घ्या. वेळ कमी पडला, तर कृती आवरती घ्यावी. शेवटची चर्चा गाळू नये. जलद वाचणाऱ्याला बक्षीस देण्याचा मोह टाळावा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्यामुळे पहिल्या मिनिटातच हरल्यासारखे वाटते. जोडी करताना एक सराईत आणि एक अडखळणारे मूल एकत्र बसवा. मात्र बैल हलवण्याचे काम आलटून पालटून द्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

योग्य की अयोग्य ते सांगा.
(अ) सणाचा उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून तोरण रंगवणे, ही वाचन-आकलनाची कृती होय.
(आ) ‘उताऱ्यात सांगितलेले नाही’ हेही एक अचूक उत्तर असू शकते.
(इ) अपरिचित सणाविषयी वाचनापूर्वी काहीच सांगू नये.

६.४ सारांश

सण हा मुलांच्या आवडीचा विषय असल्याने वाचन-सरावाला तो उपयुक्त आहे. परंतु ओळखीच्या विषयात मूल आठवणीतून उत्तर देते, आणि घरच्या परिस्थितीतील फरकही वर्गात उघड होतात. म्हणून उतारा वाचल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असे प्रश्न तयार करावेत आणि झाकणीने ते तपासावेत. कृती करताना मुलाला उताऱ्याकडे परत जावे लागले पाहिजे. गोंडे बांधणे, वाचा आणि चालवा, वाक्याची साक्ष, तीन चौकोन, खिरापत ओळखा या कृतींत ही अट पाळली जाते. ‘कोणत्या वाक्यावरून?’ हा प्रश्न प्रत्येक कृतीच्या शेवटी यावा.

६.५ पारिभाषिक शब्द

पूर्वज्ञान : वाचनापूर्वी वाचकाजवळ असलेली विषयाची माहिती.
अनुमान : उताऱ्यातील खुणा जोडून न सांगितलेली गोष्ट ओळखणे.
सूचितार्थ : शब्दांनी थेट न सांगता सुचवलेला अर्थ.
झाकणी : उतारा न दाखवता प्रश्न विचारून प्रश्नाची योग्यता तपासणे (या घटकापुरती संज्ञा).

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) शब्दशः. (आ) अनुमानात्मक. (इ) झाकणीच्या कसोटीला न उतरणारा प्रश्न. याचे उत्तर उताऱ्यात नाही. (ई) मूल्यात्मक.
प्रश्न २ : (अ) अयोग्य. (आ) योग्य. (इ) अयोग्य, वस्तू व नवे शब्द सांगावेत, घटना सांगू नयेत.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सण हा वाचन-आकलनासाठी सोयीचा, तसाच अडचणीचाही विषय आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. तुमच्या परिसरातील एखाद्या सणावर १०० ते १२० शब्दांचा उतारा लिहा. त्यात अंगवळणी न पडलेले तीन तपशील आणि एक सूचित भावना असावी. त्यावर तिन्ही स्तरांचे प्रत्येकी दोन प्रश्न तयार करा.
३. ‘खिरापत ओळखा’ या खेळासाठी दुसऱ्या एखाद्या पदार्थावर चार चिठ्ठ्या लिहा. त्यांपैकी एका चिठ्ठीतील खूण व्याकरणाची असावी.

६.८ क्षेत्रीय कार्य

वरील स्वाध्याय क्र. २ मधील प्रश्न प्रथम उतारा न वाचलेल्या एका व्यक्तीला विचारा. ज्या प्रश्नांची अचूक उत्तरे मिळाली, ते बदला. त्यानंतर शेजारच्या तिसरी-चौथीतील दोन मुलांसह एक कृती करून पाहा. मुले किती वेळा उताऱ्याकडे परत गेली, आणि कोणत्या शब्दावर अडली, याची नोंद एक पानभर लिहून संपर्कसत्रात सादर करा.